माझ्या तोंडाचं मडकं

कुंभाराच्या घरी जन्मले आणि कुंभाराच्याच घरी दिली. मडक्याला भिणारी कुंभारीण तुम्ही पाहिली नसेल, पण मी भ्याले आहे. अशी भ्याले की ते ज्या छपरीत होतं तिथं एकटीनं पाय टाकत नव्हते. आणि ते मडकं म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, माझंच तोंड होतं. हसू नका. माझ्या जागी असता तर तुमचीही बोबडी वळली असती.

अठ्ठावन्न-एकोणसाठची गोष्ट असेल. फुलसावंगीच्या अलीकडे आमचं गाव. घरात आम्ही तिघंच: मी, माझे मालक आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच वारले होते. त्यांच्या हातचं एकच मडकं घरात उरलं होतं, तेही वरच्या फळीवर धुवट फडक्यात बांधून ठेवलेलं. नवी नवरी होते तेव्हा पाणी भरायला म्हणून मी ते खाली काढायला गेले, तर आत्याबाई अंगावरच धावून आल्या.

"हात नोको लावू त्याले! माहं आहे ते."

"तुमचं म्हणजे?"

"माह्या मौतीचं. त्यायनं जाता जाता घडवून ठेवलं माह्यासाठी. मी मेली का हेच माह्यासंगं जाईन."

लोकांच्या सासवा पाटल्या-पुतळ्या जपतात, आमची मडकं जपत होती. दर सणाला फडकं बदलायची आणि पुन्हा तसंच बांधून ठेवायची.

आमच्या घरची एक रीत इथंच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात कोणी गेलं की माणूस आधी कुंभाराच्या दारात येतो. मयताला खांद्यावर नेतात तसं मडकंही न्यावं लागतं; त्यातलं पाणी सांडत सरणाभोवती फिरायचं आणि शेवटी ते फोडायचं. ते मडकं कोरं लागतं, पाण्याचा थेंब न लागलेलं. ते टिचकी मारून पाहायचं नाही, निवडायचं नाही. आणि घरात एक जरी कोरं मडकं असलं तरी कुंभारानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की त्या घरचं चाक बसतं, असं आमच्याकडे मानत. माझ्या मालकांनी तर रात्री-अपरात्रीच नाही, भरल्या ताटावरूनही उठून मडकं दिलेलं मी पाहिलं आहे.

त्या वर्षी गावच्या शाळेत ड्रॉइंगचे नवे मास्तर आले. यवतमाळचे, पोरसवदा, हाडकुळे, कायम बोटांना रंग. शाळा सुटली की चाकापाशी येऊन बसायचे. एक दिवस काखेत मोठं थोरलं पुस्तक घेऊन आले. मालकांनी हात धुतले, पुसले, मग पुस्तकाला हात लावला. मी माती तुडवत होते, तिथूनच मान लांब करून पाहिलं. पानापानावर मडकी, आणि एकेक मडकं म्हणजे माणसाचं डोकं. एक गालातल्या गालात हसणारा, एकाचा डोळा गेलेला, एकाच्या ओठावर जुन्या जखमेचा वण. एकाच्या गळ्यात दोर होता. डोक्यावर घोड्याच्या रिकिबीसारखा कान, म्हणजे धरायची मूठ, आतून पोकळ, आणि त्याच्या शेंड्याला पाणी ओतायची नळी. लाल आणि दुधी रंग. चित्र होतं, पण ते सगळे आपल्याकडे पाहतात असंच वाटायचं.

"हे पेरू नावाच्या देशातले," मास्तर म्हणाले. "समुद्रापलीकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. मोचे म्हणत त्या लोकांना. हजार-बाराशे वर्षांच्या वर झाली. वाळवंटातल्या नद्यांकाठी राहत. आणि गंमत बघा, त्यांच्याकडे चाक नव्हतं."

"चाकाबिगर?" मालकांचं तोंड उघडंच राहिलं.

"दोन भागांचा साचा करायचे. पुढचा आणि मागचा. माती दाबायची, दोन्ही जोडायचे, सांधा पुसायचा."

साच्याचं काम आमच्याकडे नवं नव्हतं, पोळ्याचे बैल आम्ही तसेच काढत होतो. पण बैल वेगळा आणि माणूस वेगळा. मास्तर म्हणाले, असं एखादं करा, यवतमाळला प्रदर्शन आहे, मी घेऊन जातो. मालक काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की समजायचं डोक्यात किडा शिरला.

त्यानंतर त्यांचं माझ्याकडे पाहणं वाढलं. मला सातवा लागला होता. चुलीपुढे बसले की पाहत, माती तुडवताना पाहत. मी म्हटलं, "काय पाहून राह्यले एवढं?"

"काही नाही. तुह्या नाकाचा शेंडा पाह्यतो."

मी लाजून मान खाली घातली. वेडीच मी! मला वाटलं नवऱ्याला बायकोचं कौतुक आलं.

एका सकाळी छपरीत सुकायला ठेवलेली मडकी फिरवायला गेले. गाडगी, घागरी, परळ, सगळं ओळीनं मांडलेलं. ओळीच्या शेवटी मी होते. भुवईवरचा वण माझा, नाकपुडीतलं चमकीचं भोक माझं, खालचा जाडसर ओठ माझा. डोळे उघडे. कच्च्या मातीचा तो करडा रंग तुम्हाला माहीत आहे ना? मेलेल्या माणसाच्या अंगावर येतो तोच. डोक्यावर तो रिकिबीसारखा कान काही नव्हता; तो म्हणे त्यांना साधलाच नाही, वाळताना तडकला, म्हणून त्यांनी आपल्या मडक्यासारखं मोठं तोंड ठेवलं होतं. म्हणजे माझं कपाळ होतं आणि कपाळाच्या वर भोक. मी अशी किंचाळले की शेजारची कोंबडी उडून भिंतीवर बसली.

आत्याबाई धावत आल्या. मडकं पाहिलं, माझं तोंड पाहिलं. मग लेकावर फिरल्या.

"काय करून ठेवलं रे हे तू? जित्या बाईचं तोंड मडक्याले देल्लं? तेही पोटुशीचं?"

"माय, नमुना आहे. यवतमायले जाईन."

"नमुना! आता याचं करतं काय तू? फोडशीन त तिले फोडलं. भाजशीन त तिले जाळलं. तसंच ठेवशीन त ओल लागून माती होईन त्याची, डोये-नाक गळून पडतीन तिच्या देखत. सांग ना, करतं काय?"

मालकांनी मडकं उचललं, पुन्हा होतं तिथंच ठेवलं. त्यांना हे सुचलंच नव्हतं. कच्चं मडकं बिघडलं तर आम्ही पुन्हा मातीत टाकतो, त्यात विचार कसला? पण त्याला तोंड होतं ना. कुंभाराच्या जन्मात कधी असं अडलं नव्हतं.

दुपारी मास्तर आले. आत्याबाईंनी त्यांना दारातच गाठलं. "गुरुजी, तुमच्या पुस्तकातले ते मडके सापडले कोठी?"

मास्तर बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "थडग्यांत. मेलेल्या माणसाबरोबर पुरायचे."

"आणि तो गयात दोर असलेला?"

"तो... कैदी असावा. बळी देण्यासाठी धरलेला."

मी दाराआड होते.  मालकांकडे पाहिलं तर ते दुसरीकडे बघत होते. म्हणजे यांना ठाऊक होतं! मी म्हटलं, "तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त करू देल्लं असतं का तुमी दोघीयनं?"

असा राग आला मला! कलेचं एवढं वेड की बायकोचं तोंड थडग्यातल्या भांड्यावर चढवलं. तीन सांजा मी त्यांच्याशी बोलले नाही. पण राग गेला तरी भीती जाईना. मला कळून चुकलं होतं की हे बाळंतपण मला नेणार. पहिलटकरीण आधीच भित्री असते, त्यात हे. कोणी हाक मारली तर वाटायचं मला हाक मारतात का त्याला.

त्यातच ते तडकायला लागलं. चेहऱ्याची माती कुठं जाड, कुठं पातळ, ती एकसारखी वाळेना. डाव्या कानाखाली एक बारीक रेघ उमटली. रोज सकाळी मी दारातून पाहायची, आत जायची नाही. रेघ हनुवटीकडे सरकत होती. माझा डावा जबडा दुखायला लागला. खरंच दुखत होता की भीतीनं, देव जाणे, पण भाकर चावता येईना. आत्याबाई बोटावर पातळ माती घेऊन त्या रेघेवर फिरवायच्या, लेकराला काजळ लावावं तशा. तोंडानं पुटपुटायच्या, "राह्य बापा, राह्य."

मला वाटलं होतं, आत्याबाई मास्तरांना घरात येऊ देणार नाहीत. पण त्यांनी स्वतःच एक दिवस त्यांना बोलावून घेतलं. विचारलं, "ते तिकडचे मडके हजार वर्ष राह्यले म्हन्ता? फुटले नाही?"

"पक्के भाजलेले होते. बरेचसे आख्खे निघाले."

आत्याबाई छपरीत जाऊन ते मडकं पाहून आल्या. मग लेकाला म्हणाल्या, "भाज. कच्चं ठेवून मरनच आहे. पक्कं झालं त राहीन तरी. पन मोठ्या रांजनाच्या पोटात ठेव. बाहेरून रांजन फुटो, आतलं वाचलं पाह्यजे."

आमच्याकडे आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, सकाळी पेटवत. खाली गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या, त्यावर मडकी, पुन्हा गोवऱ्या, मग कुटार म्हणजे भुसा, आणि वरून ओल्या मातीचं लिंपण. पोटुशीनं आव्याकडे पाहायचं नाही अशी रीत. मी घरात भिंतीकडे तोंड करून बसले. धूर घरात आला तसा मला घाम सुटला. अंगाला हात लावून पाहायची, भाजतं का. आत्याबाई आव्यापाशी न थांबता माझ्यापाशी येऊन बसल्या आणि माझ्या पोटावर हात ठेवून राहिल्या.

दुपारी आभाळ भरून आलं. चैत्रात! वारा सुटला आणि बघता बघता गारा पडायला लागल्या. मालक तरट, पत्रे, हाताला लागेल ते घेऊन धावले. पण तापलेल्या आव्यावर बर्फ पडला की काय व्हायचं ते झालं. लिंपण ढासळलं आणि मडकी फुटायला लागली. तडाक. तडाक. घरात बसून मी ऐकत होते. प्रत्येक आवाजाला मी मान गच्च धरायची. आत्याबाई म्हणत होत्या, "घागर होती ते. गाडगं होतं. रांजन नाही फुटला आजून." आणि मग एक मोठा आवाज झाला. त्या काही बोलल्या नाहीत. 

दुसऱ्या दिवशी आवा उकरला. सगळ्या खापऱ्या. अख्ख्या उन्हाळ्याचा माल गेला. रांजणही उभा फुटला होता. पण त्याच्या खापऱ्यांत ते बसलेलं होतं, अख्खं, लालभडक, एका गालावर धुराचा काळा डाग. कानाखालची रेघ तशीच, वाढली नव्हती. मालक ते हातात धरून घरात आले तेव्हा रडत होते. मालासाठी की बायकोसाठी, मी विचारलं नाही.

मास्तर न्यायला आले. आत्याबाईंनी साफ नाही म्हटलं. "पहिले पोर होऊ द्या. मंग पाहू." ते मडकं त्यांनी गोणपाटात गुंडाळून धान्याच्या कोठीमागे लपवलं. त्याला कोणी हात लावायचा नाही, टिचकी मारायची नाही. आम्ही सगळे त्याला इतके भीत होतो की त्याच्याजवळ पाण्याचा तांब्यासुद्धा नेत नव्हतो. तिथंच आमचं चुकलं.

वैशाखात मला कळा सुरू झाल्या. नवा माल अजून कच्चाच होता, चाकावरून उतरून सुकत पडलेला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची म्हातारी सुईण आली. एरवी मोठी बडबडी, मला "याडी, याडी", म्हणजे त्यांच्या बोलीत आई, म्हणून चुचकारायची. त्या दिवशी आली ती गप्प. डोळ्याला डोळा देईना. घागरा नुकताच धुतलेला, ओला होता. मी विचारलं, "कोठून आली?" तिनं ऐकलं न ऐकलं केलं.

ऊन तापलं होतं. कळा मध्येच थांबल्या होत्या, आणि ते काही चांगलं नसतं एवढं मलाही ठाऊक होतं. तेवढ्यात अंगणात कोणाची तरी चाहूल लागली.

"दादा, मडकं पाह्यजे होतं."

तो आवाज मी ओळखला. गावाच्या वरच्या आळीतल्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ. त्याची वहिनी आणि मी, आमचे दिवस बरोबरीचे होते. विहिरीवर भेटलो की एकमेकींची पोटं मोजायचो.

मालकांनी विचारलं, "कोन गेलं?"

"वहिनी. पोरही गेलं, आडलं होतं. सकायी."

सुईणीनं माझे हात घट्ट धरले. तिच्या ओल्या घागऱ्याचा अर्थ मला तेव्हा कळला. ती तिकडूनच आली होती, त्याच हातांनी.

बाहेर मालक म्हणाले, "गारायनं आवा गेला रे, भाऊ. सगळं कच्चं आहे."

"एकही नाही का, दादा? म्या दुसऱ्या गावाले जातो म्हनलं त ऊन लय आहे. तिले ठेवता येत नाही."

मालक बोलले नाहीत. खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच बोलले असते. मयताच्या मडक्यासाठी कुंभार खोटं बोलत नाही. त्यांचं गप्प राहणं मला कळलं. घरात कोरं मडकं होतं. कोठीमागे होतं. माझं तोंड तिच्या सरणाभोवती फिरणार होतं आणि मग दगडावर आपटणार होतं, आणि मी इथं अडलेली पडले होते. त्यांची पावलं आत आली, कोठीकडे वळली. गोणपाट सरकल्याचा आवाज आला.

मला रीत नको होती, धर्म नको होता. चाक बसलं तर बसू दे, अख्खं गाव थुंकलं तरी थुंकू दे. मला मरायचं नव्हतं. मी ओरडले, "देऊ नोका! माय व, देऊ नोका!" आवाज घोगरा निघाला, पण निघाला. पावलं थांबली. त्या माणसाच्या मागण्याला नाही म्हणता येईना आणि माझ्या ओरडण्याला हो म्हणता येईना, असे मालक मधोमध उभे राहिले असतील. मला दिसत नव्हतं, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

माझ्या उशाशी बसलेल्या आत्याबाई उठल्या. पाट ओढल्याचा आवाज आला. फळीवरून काहीतरी खाली उतरलं. गाठ सुटत नव्हती, त्यांनी दातानं सोडली असावी. मग त्या बाहेर गेल्या.

"हे ने, बाप्पा."

"माय!" मालक ओरडले. "ते तुहं आहे! बाच्या हातचं!"

"चूप राह्य. मडकं मागाले मानूस आलं, मडकं देल्लं. कोनाचं आहे ते कायले इचारतं?"

त्याची पावलं लांब गेली. आत्याबाई आत आल्या त्या थेट कोठीकडे. मालकांच्या हातातून ते मडकं घेतलं, घागरीतलं पाणी त्यात ओतलं, आणि माझ्या उशाशी बसून ते माझ्या तोंडाला लावलं. माझ्याच तोंडाला माझं तोंड.

"पे."

मी तोंड फिरवलं.

"पे म्हन्तो ना! आता हे कोरं नाही राह्यलं. आता कोनी मागो, देवानं जरी मागतलं तरी हे कोनाच्या मयताले देता येत नाही. समजलं? पे."

मी प्याले. मातीची चव, धुराची चव, आणि थंडगार. मग त्याच पाण्यात त्यांनी बोटं बुडवून माझ्या कपाळाला लावलं. कळा पुन्हा सुरू झाल्या. ऊन उतरायच्या आत मुलगी झाली, आणि सुईण तिला हातात घेऊन हमसून हमसून रडली.

मास्तरांना ते मडकं शेवटपर्यंत मिळालं नाही. ते बदलीवर गेले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना बैलजोडी दिली, पोळ्याची, मातीची.

साठ सालानंतर कधीतरी आत्याबाई गेल्या. भर श्रावणात, पावसाची झड लागली होती तेव्हा. पावसाळ्यात आमच्याकडे आवा लागत नाही, आणि होता तो माल आषाढातल्या आखाडीपर्यंत विकून झालेला. मालकांनी मधल्या वर्षांत त्यांना किती वेळा म्हटलं होतं, माय, तुह्यासाठी एक नवं करून ठेवतो. त्या म्हणायच्या, "त्यायच्या हातचं गेलं. आता कोनाचंही चालते." कुंभाराच्या घरात कुंभारणीसाठी कोरं मडकं नव्हतं. मालक तसेच भिजत ढाणकीला गेले, ओळख ना पाळख अशा एका कुंभाराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, मडकं पाह्यजे होतं." त्यानं काही विचारलं नाही. आतून आणलं, फडक्यानं पुसलं आणि दिलं.

माझं मडकं अजून आहे. गालावरचा डाग आहे, कानाखालची रेघही आहे, आणि आता माझ्या तोंडावर त्याच्याहून जास्त रेघा आहेत. पाणी त्यात थंड होत नाही, त्याची छिद्रं केव्हाच बुजली. मुलगी म्हणते, आई, आता कायले भरतं त्यात पाणी? मी तिला काही सांगत नाही. रोज सकाळी उठले की आधी त्यातला एक घोट पिते. तहान असो नसो.